हॉवर्थचे पाद्री, भरून गेलेली दफनभूमी आणि १८४९ चा अर्ज

दप्तरदार:

व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडमध्ये मृतांना पुरायचे कोठे, हा प्रश्न किती चिघळला होता याबद्दल इथे मागे त्रोटक चर्चा झाली होती. त्या चर्चेत बहुतेकांचा सूर असा होता की चर्चची मंडळी दफनाच्या उत्पन्नाला चटावलेली होती, म्हणून सुधारणांच्या आड आली. हे खोटे नाही, परंतु अपुरे आहे. त्याच काळात एका पाद्र्याने स्वतःच्याच चर्चच्या आवारासह साऱ्या गावाची पाहणी करा म्हणून सरकारचा पिच्छा पुरवला होता, आणि त्याची हकिगत सविस्तर मांडावी म्हणून हा धागा.

गाव हॉवर्थ, यॉर्कशायरमधले. डोंगरउतारावर वसलेले, लोकरीच्या धंद्यावर जगणारे. पाद्री पॅट्रिक ब्राँटे, १८२० पासून तिथे नेमणुकीवर असलेले. त्यांच्या कादंबरीकार लेकींमुळे हे आडनाव आज जगभर ठाऊक आहे, पण इथे विषय त्यांच्या साहित्याचा नाही. पाद्र्यांचे घर गावाच्या वरच्या टोकाला आहे आणि त्याच्या दोन बाजूंना थडगी आहेत. खिडकी उघडली की समोर दफनभूमी, तिच्यापलीकडे चर्च आणि त्याच्याखाली उतारावर गाव.

१८४८ च्या सार्वजनिक आरोग्याच्या कायद्याने लंडनमध्ये एक केंद्रीय आरोग्य मंडळ स्थापन झाले. एखाद्या गावातील करदात्यांपैकी किमान एकदशांश लोकांनी अर्ज केला, तर मंडळ तिथे आपला निरीक्षक पाठवू शकत असे. ऑगस्ट १८४९ मध्ये ब्राँटे यांनी रहिवाशांच्या सह्यांसह असा अर्ज लंडनला धाडला. त्या वेळी त्यांचे वय ७२ होते. आधीच्या अकरा महिन्यांत त्यांनी तीन अपत्ये गमावली होती: सप्टेंबर १८४८ मध्ये मुलगा ब्रॅनवेल, डिसेंबरात एमिली आणि मे १८४९ मध्ये अ‍ॅन. अर्ज मुख्यतः पाण्याविषयी आणि सांडपाण्याविषयी होता. दफनभूमीचा प्रश्न त्याच्या पोटात होता, आणि पाहणी झाल्यावर तो चव्हाट्यावर आला.

मंडळाने लगेच कोणाला पाठवले नाही. ब्राँटे पत्रांमागून पत्रे लिहीत राहिले. अखेर एप्रिल १८५० मध्ये बेंजामिन हर्शेल बॅबेज हे निरीक्षक गावात आले. (गणनयंत्राची कल्पना मांडणारे चार्ल्स बॅबेज यांचे हे थोरले चिरंजीव. आकडे काटेकोर मांडण्याची सवय घरातूनच आली असावी.) त्यांनी गल्लीबोळ पायाखाली घातले आणि जो अहवाल दिला तो आजही वाचवत नाही. गावात शौचकूप एकंदर ६९ होते आणि अनेक कुटुंबांना मिळून एकच वापरावा लागे. अशाच एका शौचकुपाच्या खालचा खड्डा मुख्य रस्त्याकडे लहानशा दाराने उघडत असे. आतली घाण आणि राख यांच्या भाराने ते दार कधीकधी आपोआप ढकलले जाई आणि सारा मैला रस्त्यावर येई. त्या दारापासून दोन यार्डांच्या आत शेजारच्या घरांना पिण्याचे पाणी पुरवणारी तोटी होती.

दफनभूमीबद्दल बॅबेज यांनी नोंदवले की आधीच्या दहा वर्षांत तिथे १,३४४ दफने झाली होती आणि जमिनीचा निचरा अत्यंत वाईट होता. शिवाय तिथली रीत अशी होती की थडग्यावर उभा दगड न लावता भलीमोठी आडवी शिळा टाकायची. शिळेला शिळा भिडल्याने गवताचे पातेही उगवायला जागा उरली नव्हती, आणि जिथे काही उगवत नाही तिथली माती प्रेताचे विघटन नीट होऊ देत नाही, असे निरीक्षकांचे म्हणणे होते. ही दफनभूमी बंद करावी आणि आडव्या शिळांची चाल मोडावी, अशी त्यांची शिफारस होती. गावात मरणाऱ्यांचे सरासरी वय २५.८ वर्षे निघाले. जन्मलेल्यांपैकी ४१.६ टक्के मुले सहा वर्षांची होण्याआधीच जात होती.

माझे म्हणणे इतकेच आहे की दफनाच्या जागेवरून झालेल्या या भांडणांत पाद्री एका बाजूला आणि सुधारक दुसऱ्या बाजूला, अशी सरळ वाटणी करता येत नाही. खर्च कोणाच्या माथी बसणार, हे पाहिल्याशिवाय यातला एकही विरोध समजत नाही.

सांजवेळ:

लेखन अतिशय माहितीपूर्ण आहे. मात्र सरासरी वयाच्या आकड्याबाबत वाचकांचा गैरसमज होऊ नये, म्हणून थोडी भर घालते. २५.८ ही सरासरी असली, तरी हॉवर्थमधील माणसे पंचविशीत मरत होती असा तिचा अर्थ होत नाही. शंभरातली एक्केचाळीस मुले सहा वर्षांच्या आत जात असतील, तर ती लहान वये सरासरीला पार खाली ओढतात. ज्याने बालपण ओलांडले, तो साठीपर्यंत पोहोचण्याची बऱ्यापैकी शक्यता असे. स्वतः ब्राँटे ८४ वर्षे जगले. तरीही हा आकडा लंडनच्या सर्वांत गलिच्छ वस्त्यांच्या तोडीचा होता आणि मोकळ्या माळरानाच्या कुशीतल्या गावाला तो शोभणारा नव्हता, हे खरेच.

दुसरी गोष्ट, ब्राँटे यांच्या मुलांचे मृत्यू क्षयाने झाले असे मानले जाते. क्षय दूषित पाण्याने होत नाही. त्यामुळे त्या मृत्यूंना आणि अर्जाला एकाच दोरीत ओवताना जपून राहावे. दुःखाने माणूस पेटून उठतो हे समजण्यासारखे आहे, पण गावाच्या पाण्याबद्दल ते आधीपासूनच बोलत होते.

आता माझा प्रश्न. दफनामागे पाद्र्याला शुल्क मिळत असे. मग दफनभूमी बंद करण्याची शिफारस होईल अशी पाहणी मागवणे म्हणजे स्वतःच्या पानातला घास काढून देणे झाले. बाकीचे पाद्री याला कसे तयार झाले?

दप्तरदार:

सांजवेळ, बाकीचे सहजी तयार झाले नाहीत, आणि जिथे झाले तिथे आधी भरपाई ठरवून घेतली.

लंडनमध्ये १८३३ मध्ये केन्सल ग्रीन ही खासगी कंपनीची मोठी दफनभूमी सुरू झाली. संसदेने परवानगी देताना अशी अट घातली होती की मृत व्यक्ती ज्या पॅरिशमधली (एका चर्चच्या हद्दीतला परिसर) असेल तिथल्या पाद्र्याला कंपनीने प्रत्येक दफनामागे ठरावीक रक्कम द्यावी. म्हणजे प्रेत गावाबाहेर गेले तरी दक्षिणा घरपोच. पुढे १८५२ च्या कायद्याने लंडनमधली भरलेली आवारे बंद करण्याचा अधिकार सरकारला मिळाला आणि १८५३ मध्ये तो बाकी इंग्लंडला लागू झाला, तेव्हाही पाद्र्यांच्या शुल्काची तरतूद कायद्यात ठेवावीच लागली.

उघड विरोध करणाऱ्यांत लंडनचे आर्चडीकन (बिशपच्या हाताखालचे वरिष्ठ धर्माधिकारी) विल्यम हेल हे सर्वांत ठळक. १८५५ मध्ये त्यांनी आपल्या हाताखालच्या पाद्र्यांसमोर जाहीरपणे मांडले की शहरातल्या दफनाने आरोग्याला अपाय होत नाही आणि ते बंद केल्याने धर्म व नीती यांना मात्र धक्का बसतो. त्यांचा हेतू निव्वळ पैशाचा होता असे मला वाटत नाही. ज्या चर्चमध्ये बाप्तिस्मा झाला, लग्न लागले, त्याच्याच सावलीत आईबापांशेजारी माती मिळावी, ही लोकांची भावना ते बोलून दाखवत होते. गरिबाला तर कित्येक मैलांवरच्या दफनभूमीपर्यंत शवपेटी नेण्याचा खर्च झेपणारा नव्हता. १८४८-४९ च्या कॉलऱ्यात एकट्या लंडनमध्ये चौदा हजारांहून अधिक माणसे दगावली होती. त्यानंतर सहा वर्षांनी असे बोलायला धाडस लागते, मग ते चुकीच्या बाजूने का असेना.

उंबरठा:

हेल यांच्या प्रामाणिकपणाबद्दल वाद नाही, पण दुसरे टोकही या धाग्यात यायला हवे. लंडनमधल्या स्ट्रँडजवळ एनन चॅपेल नावाचे बाप्टिस्ट (चर्च ऑफ इंग्लंडबाहेरचा, मोठेपणीच बाप्तिस्मा देणारा पंथ) प्रार्थनास्थळ १८२० च्या दशकात सुरू झाले. वर प्रार्थना आणि खाली तळघरात दफन, अशी रचना होती आणि दोन्हींच्या मध्ये फक्त लाकडी फळ्या होत्या. तिथले धर्मगुरू हाऊस यांनी दर स्वस्त ठेवल्याने गिऱ्हाईक तुटून पडले. तळघर सुमारे ६० फूट लांब आणि २९ फूट रुंद, आणि वीसेक वर्षांत तिथे पुरलेल्यांचा अंदाज बारा हजारांच्या घरात सांगितला गेला. एवढ्याशा जागेत हे बसले कसे, याचे उत्तर जुनी प्रेते गुपचूप बाहेर काढली जात होती, असे आहे. शवपेट्यांचे लाकूड सरपणाला जाई. उन्हाळ्यात वर प्रार्थनेला बसलेल्या माणसांना भोवळ येई आणि रविवारच्या वर्गातल्या मुलांच्या अंगावर खालून आलेले किडे उडत.

हाऊस यांच्या पश्चात ती वास्तू दुसऱ्यांच्या ताब्यात गेली आणि त्याच फळ्यांवर नाचाचे जलसे भरू लागले. मेलेल्यांच्या डोक्यावर नाच, हीच त्यांची जाहिरात होती. ड्रुरी लेनचे शल्यविशारद जॉर्ज आल्फ्रेड वॉकर यांनी १८३९ पासून या प्रकारांविरुद्ध रान उठवले होते, इतके की लोक त्यांना ‘ग्रेव्हयार्ड वॉकर’ म्हणू लागले. त्यांनी शेवटी ती जागाच घेतली आणि तळघरातले अवशेष पदरमोड करून नॉरवूडच्या दफनभूमीत हलवले. संसदेच्या समितीपुढे १८४२ मध्ये साक्षी झाल्या त्याला दहा वर्षे उलटल्यावर कायदा झाला. हेल यांचा धर्म आणि नीतीचा मुद्दा मांडायला सोपा आहे, पण एनन चॅपेलच्या फळ्यांखाली तो कितपत टिकतो?

भूजल:

माझे काम विहिरी आणि भूजलाशी संबंधित असल्याने एका प्रश्नापुरते लिहितो. हॉवर्थबद्दल वाचताना असे विधान वारंवार भेटते की दफनभूमीतून झिरपलेले पाणी पाद्र्यांच्या विहिरीत उतरले आणि त्यानेच त्या घरावर काळ आणला. जागेचा उतार पाहिला तर पाद्र्यांचे घर वरच्या अंगाला आहे आणि थडगी बहुतांशी त्याच्या बाजूला व खाली आहेत. पाणी सामान्यतः उताराच्या दिशेने जाते. त्यामुळे दफनभूमीचा खरा त्रास घरापेक्षा खालच्या गावाला अधिक पोहोचला असणार. अर्थात खडकातल्या भेगा पाण्याला कोठे नेतील हे वरून पाहून छातीठोकपणे सांगता येत नाही, म्हणून घर पूर्ण सुरक्षित होते असेही मी म्हणणार नाही.

घरच्या विहिरीचे म्हणाल तर एक नोंद बोलकी आहे. १८४७ मध्ये ती विहीर वीस वर्षांत प्रथमच उपसली गेली. पाण्याला पिवळसर रंग आला होता आणि तळाशी गंजून सडलेले आठ पत्र्याचे डबे सापडले. ही नोंद स्वतः ब्राँटे यांनीच करून ठेवली होती. वीस वर्षे न उपसलेली विहीर हे कोणत्याही काळात चांगले लक्षण नाही, पण डबे लिहून ठेवणारा माणूस दोन वर्षांनी गावाच्या पाण्यासाठी अर्ज करतो, यात मला सुसंगती दिसते.

आणखी एक. त्या काळच्या डॉक्टरांचा आणि बॅबेज यांचाही समज असा होता की रोग दुर्गंधीयुक्त हवेतून पसरतात. कॉलरा पाण्यातून पसरतो हे जॉन स्नो यांनी १८४९ मध्ये मांडले खरे, पण ते मान्य व्हायला बराच काळ जावा लागला. कारणमीमांसा चुकीची होती, तरी घाण हटवा आणि पाणी दुरून आणा, हा उपाय बरोबर निघाला. माझ्या क्षेत्रात असे क्वचित घडते.

मोडीवाचक:

इंग्लंडमधला विषय असला तरी याच काळात मुंबईत नेमका हाच प्रश्न उभा होता, म्हणून लिहितो. गिरगावाजवळच्या सोनापुरात हिंदूंचे स्मशान होते आणि युरोपियनांची दफनभूमीही त्याच परिसरात होती. शहर वाढत त्यांच्या अंगावर आले, तेव्हा हिंदूंचे स्मशान शिवडीकडे हलवण्याचा घाट सरकारने घातला. जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट यांनी त्याला विरोध केला आणि स्मशान जागचे हलले नाही. आजची चंदनवाडी ती हीच. युरोपियनांसाठी मात्र पालिका आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांच्या काळात, १८६५ च्या सुमारास, शिवडीला नवी दफनभूमी झाली.

हेल आणि नाना यांचे म्हणणे काही अंशी एकाच जातीचे दिसते: आपल्या माणसांना इतक्या दूर नेणे गोरगरिबांना परवडणार नाही.

दप्तरदार:

मोडीवाचक, उदाहरण समर्पक आहे, पण दोन्ही एका पारड्यात घालायला मी कचरतो. दहनात जागा पुन्हा मोकळी होते, त्यामुळे सोनापुरात आक्षेप धुराचा आणि वासाचा होता. इंग्लंडमध्ये मूळ अडचण जागा भरून जाण्याची होती. शिवाय हेल हे राज्यकर्त्यांच्याच चर्चचे अधिकारी होते आणि कायदा करणाऱ्यांत त्यांचे धर्मबांधव बसलेले होते. नानांना परक्या सरकारपुढे आपल्या समाजाचा हक्क मांडायचा होता. अंतराचा आणि खर्चाचा मुद्दा मात्र दोन्हीकडे खरा आहे, हे मान्य.

त्या खर्चावर लंडनमध्ये काढलेला तोडगा ऐकण्यासारखा आहे. १८५४ च्या नोव्हेंबरात वॉटर्लूपासून सरेमधल्या ब्रुकवुडपर्यंत खास प्रेतांसाठी आगगाडी सुरू झाली. तिच्यात शवपेट्यांनाही वर्ग होते: पहिल्याचे भाडे एक पौंड, दुसऱ्याचे पाच शिलिंग, तिसऱ्याचे अडीच शिलिंग. अर्थात एकेरी. चर्च ऑफ इंग्लंडचे आणि इतर पंथांचे डबेही वेगळे. लंडनचे बिशप ब्लूमफील्ड यांनी १८४२ मध्येच संसदीय समितीपुढे हरकत नोंदवली होती की सभ्य माणसाचे प्रेत आणि दुराचारी माणसाचे प्रेत एकाच गाडीतून नेणे आप्तांना रुचणार नाही. तीही धर्मगुरूने केलेली तक्रारच, आणि जागेचीच म्हणायची.

सांजवेळ:

डब्यांची ही वाटणी पाहिल्यावर एकनहॅमचे प्रकरण आठवले. तिथे जागा भरलेली नव्हती, ती कोणाची हा वाद होता. ऑगस्ट १८७८ मध्ये सफकमधल्या एकनहॅम गावी बाप्टिस्ट आईवडिलांचे दोन वर्षांचे मूल वारले. मुलाचा बाप्तिस्मा झालेला नसल्याने रेक्टर, म्हणजे गावचे पाद्री, जॉर्ज ड्रुरी यांनी चर्चच्या मागच्या, बाप्तिस्मा न झालेल्यांसाठी राखलेल्या कोपऱ्यात पुरण्याची परवानगी दिली, पण आवारात कोणताही विधी होऊ द्यायला नकार दिला. विकहॅम टोझर या काँग्रिगेशनल (चर्च ऑफ इंग्लंडबाहेरच्याच आणखी एका पंथाच्या) धर्मगुरूंनी तेव्हा फाटकाबाहेरच्या शेतात प्रार्थना सुरू केली. आधी मूल पुरा, प्रार्थनेचे नंतर पाहा, असे म्हणत ड्रुरी मध्ये पडले आणि दोघांची चांगलीच जुंपली. शवपेटी तिथेच होती. चिडलेले ड्रुरी फाटकाला कुलूप लावून निघून गेले आणि लोकांनी दुसऱ्या वाटेने आत जाऊन मूल पुरले.

वृत्तपत्राने ही हकिगत छापली, तेव्हा ड्रुरी यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला. १८७९ मध्ये ते जिंकले आणि भरपाई मिळाली ४० शिलिंग. न्यायालयात जिंकून लोकांत हरणे म्हणतात ते हेच. पुढच्याच वर्षी, १८८० मध्ये, पॅरिशच्या आवारात इतर पंथीयांना आपल्या विधीने किंवा विधीविना दफन करण्याची मुभा देणारा कायदा झाला. एकट्या एकनहॅममुळे तो झाला असे नाही, कारण मागणी जुनी होती, पण त्या फाटकाने बरीच मने वळवली. ड्रुरी आपल्या समजुतीशी इमानी होते असे म्हणता येईल. माझ्याने मात्र म्हणवत नाही.

उंबरठा:

दप्तरदार, मूळ हकिगत मध्येच राहिली. अहवालानंतर हॉवर्थमध्ये प्रत्यक्ष काय घडले?

दप्तरदार:

घडले, पण फार सावकाश. अहवालात नळाचे पाणी, भुयारी गटारे, सार्वजनिक कत्तलखाना अशी कामे सुचवली होती आणि ती सारी स्थानिक करातून करायची होती. ज्यांच्या मालकीची घरे आणि स्वतःच्या विहिरी होत्या, त्या मातब्बरांना कर नको होता. घरमालक खर्च देणार आणि पाणी भाडेकरूंना मिळणार, हे त्यांना पटेना. लोकर विंचरणारे कामगार बंद खिडक्यांच्या खोलीत रात्रंदिवस लोखंडी शेगडी पेटवून राहत, कारण धंद्याला ऊब लागे. अहवालात त्या खोल्यांचेही वर्णन आहे. पण अशा माणसांचा कर ठरवण्यात आवाज तो किती असणार? ब्राँटे यांनी दिरंगाईबद्दल मंडळाला पुन्हा लिहिले. गावासाठी लहानसा तलाव बांधून व्हायला १८५८ साल उजाडले, म्हणजे अर्जापासून नऊ वर्षे.

भूजल यांच्या उताराच्या मुद्द्याशी मी सहमत आहे. खालच्या गावाला धोका जास्त, आणि अर्ज मात्र वरच्या घरातून गेला, हे त्यामुळे अधिकच ठळक होते. सांजवेळ यांनी सुरुवातीला शुल्काबद्दल विचारले होते, त्याचे ब्राँटे यांच्यापुरते उत्तर असे की दफनाचे उत्पन्न जाईल म्हणून ते मागे हटल्याचे कोठे दिसत नाही. पाहणी झाली, शिफारस विरोधात गेली, तरी त्यांची पत्रे काम लवकर करा म्हणूनच जात राहिली.

दफनभूमी १८५६ मध्ये सरकारी आदेशाने बंद झाली. आज तिथे दिसणारी झाडे १८६४ ची, निचरा सुधारावा म्हणून लावलेली. आडव्या शिळा अजून आहेत. ब्राँटे यांची उरलेली मुलगी शार्लट हिचे दफन १८५५ मध्ये, म्हणजे आदेशाच्या आधी, चर्चमधल्या कुटुंबाच्या तळघरात झाले होते. जून १८६१ मध्ये ब्राँटे वारले तेव्हा आदेश लागू होता, आणि ज्यांनी पाहणी मागवली त्यांनाच त्या तळघरात ठेवण्यासाठी सरकारची खास परवानगी काढावी लागली.